परळात गुडघाभर, दहिवडीत टिपूस नाही

जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की आमच्या घरी एक फोन ठरलेला असतो. दहिवडीहून आत्याचा. टीव्हीवर तिने बेस्टची बस पाण्यातून होडीसारखी जाताना पाहिलेली असते. आधी खुशाली विचारते, मग दरवर्षीचा तिचा प्रश्न येतो. "आरं, तुमच्याकडं कमरंएवढं पाणी आन् हितं टिपूस न्हाई. ढग नुसते पळत्यात वरनं. थोडं हिकडं लावून द्या की!"

माझे वडील माथाडीत होते, त्यामुळे आमचं अर्धं गणगोत परळ-लालबागला आणि अर्धं माण तालुक्यात. आत्याच्या प्रश्नावर घरात सगळे हसतात आणि मीही बरीच वर्षं हसलो. पण प्रश्न अजिबात हसण्यासारखा नाही. एकाच राज्यात, एकाच आठवड्यात, एका घराण्यातला एक जण पाणी उपसतोय आणि दुसरा टँकरची वाट बघतोय. हे होतं कसं? आणि खरंच, ते पाणी तिकडे का लावून देता येत नाही?

आधी मिलिमीटरचं कोडं सोडवू, कारण पावसाच्या बातम्या त्याच भाषेत येतात आणि आपण त्या नुसत्या ऐकून सोडून देतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर पडलेलं १ लिटर पाणी. बस, एवढंच. चाळीतली दहा बाय दहाची खोली साधारण ९.३ चौरस मीटरची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे अशा एका खोलीच्या छपरावर एका दिवसात पावणेनऊ हजार लिटर, जवळजवळ एक मोठा टँकर, ओतला गेला. माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो. आत्याला दोन वर्षं पुरणारा पाऊस सांताक्रूझला एका दिवसात पडला.

आता डोंगराकडे जाऊ. हे समजायला पुस्तक लागत नाही, पुण्याच्या गाडीचं तिकीट पुरतं. जुलैतल्या एखाद्या सकाळी दादरला गाडीत बसा. कर्जतला गाडी थांबते, वडे येतात आणि मागून बँकर इंजिनं जोडली जातात, कारण पुढे बोरघाटाची चढण आहे आणि एकट्या इंजिनाला गाडी वर नेणं झेपत नाही. घाटात खिडक्या बंद. धबधबे डब्यात शिंतोडे उडवतात. लोणावळ्याला फलाटावर समोरचं दिसत नाही. मग कामशेत, तळेगाव येतं आणि पाऊस विरळ होत जातो. शिवाजीनगरला उतरता तेव्हा पुणेकर कोरड्या रस्त्यावर स्कूटर चालवत असतात आणि तुमच्या हातातल्या ओल्या छत्रीकडे जरा कीव आल्यासारखं बघतात.

समुद्रावरून येणारा वारा हाच प्रवास करतो. फरक इतकाच, की त्याला कर्जतला बँकर मिळत नाही. तो ओझं खाली टाकतो आणि हलका होऊन घाट चढतो. ते ओझं म्हणजे पाऊस.

नेमकं काय होतं ते सांगतो. अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येकडून येणारी हवा बाष्पाने भरलेली असते. पुढे सह्याद्रीची भिंत उभी. हवेला बाजूने निसटायला वाव नाही, मग ती वर चढते. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती फुगते, आणि फुगली की गार होते. सायकलच्या ट्यूबचा वॉल दाबून बघा, बाहेर सुटणारी हवा बोटाला गार लागते, तोच प्रकार. कोरडी हवा दर शंभर मीटरला साधारण १ अंशाने गार होते, ढग बनू लागले की जरा सावकाश. गार हवेत बाष्प तरंगत राहू शकत नाही. वरणाच्या पातेल्यावरची ताटली उचलली की तिच्या आतल्या बाजूला पाणी जमलेलं असतं, तसं हे बाष्प थेंबकणांच्या रूपाने जमतं आणि ढग होतात. असे सुमारे दहा लाख थेंबकण एकत्र आले की पावसाचा एक थेंब तयार होतो. हा आकडा लक्षात ठेवा, आत्याच्या पळणाऱ्या ढगांकडे येताना लागेल.

म्हणून घाटमाथा हा महाराष्ट्रातला सगळ्यांत ओला पट्टा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तिथून पंधरा किलोमीटर पूर्वेला पाचगणी, तिथे अठराशेच्या आसपास. पसरणीचा घाट उतरून वाईला या, आकडा सातशे-आठशेवर आलेला असतो. तीस-बत्तीस किलोमीटरचा रस्ता, एसटीने तासाभराचं अंतर. आणि आत्याची दहिवडी महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, त्याच सातारा जिल्ह्यात. जिल्हाधिकारी एकच, पाऊस दहाव्या हिश्श्याहून कमी.

डोंगराच्या मागच्या या कोरड्या पट्ट्याला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आपल्याला शाळेत शिकवलं होतं की हवा पलीकडे उतरते, उतरताना तापते आणि कोरडी होते. ते खरं आहे, पण आपल्याकडे पुरतं नाही. लोणावळा सहाशे मीटरच्या वर आणि पुणे साडेपाचशेच्या वर, म्हणजे हवेला उतरायला फारसं काही नाहीच. सह्याद्री ही दोन्ही बाजूंनी उतार असलेली भिंत नाही, ती एक पायरी आहे. पायरी चढून झाली की वर ढकलणारा जोर संपतो आणि जे द्यायचं ते पाणी हवेने अलीकडेच दिलेलं असतं. पुढे ढग असतात, पण उथळ. वारा त्यांना पूर्वेकडे पळवत राहतो आणि त्यांच्यातल्या थेंबकणांना एकमेकांवर आदळून मोठं व्हायला सवड मिळत नाही. "ढग नुसते पळत्यात" हे आत्याचं निरीक्षण हवामानशास्त्राच्या पदवीधराला शोभेल असं आहे.

यातून एक उलटी गोष्ट निघते, आणि ती मुंबईकराच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे पश्चिमेचा वारा जितका जोरात, तितका घाटात पाऊस जास्त. पण तोच जोरदार वारा माणमध्ये नुसता धूळ आणि भुरभुर घेऊन पोचतो. बातम्यांत 'दक्षिण गुजरात ते केरळ किनारपट्टीलगत कमी दाबाचा पट्टा' असं ऐकलं की मुंबई-कोकणाने छत्री काढायची. आत्याने मात्र उलट दिशेला, बंगालच्या उपसागराकडे बघायचं. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ असं पश्चिमेकडे सरकत आलं, तर मराठवाड्याला आणि माणदेशाला खरा पाऊस मिळतो. म्हणजे राज्याचे दोन नळ दोन वेगवेगळ्या समुद्रांवर आहेत. एक उघडा असला म्हणून दुसरा उघडा असेलच असं नाही.

त्यामुळे माणदेशाचं खरं पावसाचं वेळापत्रकही आपल्यापेक्षा वेगळं. आपला जुलै, त्यांचा सप्टेंबर. जुने शेतकरी आजही महिन्यांऐवजी नक्षत्रांनी बोलतात. मृगात पेरणीची आशा, आर्द्रा-पुनर्वसूत आकाशाकडे डोळे, आणि शेवटी सगळी भिस्त उत्तरा आणि हस्तावर. "पडेल हत्ती तर पाडील भिंती" असं त्या हस्ताच्या, म्हणजे हत्तीच्या पावसाबद्दल म्हणतात. वारा मंदावलेला, दिवसा ऊन, दुपारनंतर उंच ढग आणि गडगडाट. रब्बीची ज्वारी याच पावसावर. मुंबईत आपण तेव्हा छत्र्या माळ्यावर टाकून गरब्याची तयारी करत असतो आणि अवेळी पाऊस आला म्हणून कुरकुरतो.

अल निनोचा उल्लेख केला नाही तर लेख अपुरा वाटेल, म्हणून थोडक्यात. प्रशांत महासागराचा मधला आणि पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा तापला की हवेच्या वर चढण्या-उतरण्याची मोठी चक्रं जागा बदलतात आणि भारतावरचा मोसमी पाऊस बऱ्याचदा कमजोर पडतो. दरवेळी नाही, पण बऱ्याचदा. २०१५ आणि २०२३ ही अलीकडची उदाहरणं. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी कोकणाचा पाऊस अडीच हजारांवरून दोन हजारांवर आला तरी भात तग धरतो. ज्याच्या ताटात पाचशेच आहेत, त्याचे दीडशे कमी झाले की पीक गेलं.

पण डोंगर आणि दोन समुद्र एवढ्यावर गोष्ट संपत नाही. पाऊस याहूनही लहरी आहे. पुन्हा २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. मध्ये डोंगर नाही, घाट नाही, वीसेक किलोमीटरची लोकल लाईन. त्या दिवशी फोर्टात काम करणाऱ्यांना घरी निघेपर्यंत काही वेगळं घडतंय याचा पत्ता नव्हता. मोठे गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचे असतात. त्यांना खालून सतत ओली हवा मिळत राहिली आणि वरचा वारा त्यांना हलवेना, तर ते एकाच जागी रिकामे होतात. म्हणून 'मुंबईत आज इतका पाऊस' हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. कुठल्या मुंबईत?

हाच लहरीपणा जिल्ह्याच्या पातळीवर बघायचा तर ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, कोल्हापूर पंचगंगेने वेढलं होतं. त्याच सांगली जिल्ह्यातले जत आणि आटपाडी तालुके टंचाई भोगत होते. आणि त्याच महिन्यात औरंगाबादहून विमान उडवून मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचा प्रयोग चालू होता. कृत्रिम पाऊस या शब्दाने फार गैरसमज केले आहेत. विमान ढग तयार करत नाही. असलेल्या, पाण्याने भरलेल्या ढगात मिठासारखे कण सोडतं, म्हणजे ते दहा लाख थेंबकण लवकर एकत्र यावेत. ढगच उथळ असतील तर विमान काय करणार? उसात रसच नसेल तर चरक कितीही फिरवा.

सरासरी हाही असाच फसवा शब्द. 'यंदा सरासरीच्या ९८ टक्के पाऊस' असं वाचून आपण सुटकेचा श्वास सोडतो. माणसाला दिवसाला दोन भाकऱ्या लागतात असं धरू. सहा दिवस उपाशी ठेवून सातव्या दिवशी चौदा भाकऱ्या वाढल्या, तर सरासरी अगदी बरोबर येते. पिकाचं तसंच होतं. तीन आठवडे उघडीप, त्यात सोयाबीन माना टाकतं, आणि मग एका रात्रीत शंभर मिलिमीटर येऊन उरलंसुरलं वाहून नेतं. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, सोलापूर या कायमच्या दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या भागांत पूर आला, सीना नदीने गावं वेढली. दुष्काळाच्या बातम्यांत ज्यांची नावं वाचायची सवय, त्या गावांतून माणसांना बोटीने बाहेर काढावं लागलं.

हे प्रकार वाढतायत का, असं सगळेच विचारतात. तापलेल्या हवेत जास्त बाष्प मावतं, दर अंशामागे सुमारे ७ टक्के. पोतं मोठं झालं की दोन गोष्टी होतात. रिकामं होतं तेव्हा धो धो होतं, आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढलेला नव्हता.

आता आत्याचा मूळ प्रश्न. लावून द्या की.

पहिली गंमत अशी, की मुंबईत पडणारा पाऊस मुंबईकरही पीत नाही. आपलं पाणी सात तलावांतून येतं. त्यातले विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत, पण त्यांचा वाटा अगदी किरकोळ. खरं पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणाचं, म्हणजे शहापूर, वाडा, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांवर पडलेलं. म्हणून हिंदमाता तुंबलेलं असतानाही पाणीकपातीची बातमी येऊ शकते. जुलैतला एक जोराचा दिवस, समजा शंभर मिलिमीटरचा, सगळ्या मुंबईवर मिळून सुमारे ४५ हजार दशलक्ष लिटर पाणी टाकतो. शहराला रोज लागतं ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास. म्हणजे साडेअकरा दिवसांचं पाणी एका दिवसात गटारातून, नाल्यातून, मिठी नदीतून समुद्रात. साठवायला जागा नाही, आणि ज्या रस्त्यांवरून ते वाहून आलेलं असतं ते रस्ते आठवा, म्हणजे प्यायची इच्छाही होणार नाही.

आणि ज्या शहापूर तालुक्यातून आपल्याला पाणी येतं, तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण तिथे म्हण राहिलेली नाही. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, तरी टंचाई. खाली काळा पाषाण, त्यात पाणी मुरायला भेगांशिवाय जागा नाही, उतार तीव्र, त्यामुळे चार महिने पडलेलं चार महिन्यांतच निघून जातं. पाऊस पडणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शहापूरइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. लातूरची सरासरी सातशेच्या वर आहे, तरी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या पहिल्या जलदूत गाडीत ५ लाख लिटर पाणी होतं. सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. मुंबई तेवढं पाणी अकरा सेकंदांत वापरते.

दुसरी अडचण चढणीची. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते समुद्रसपाटीवरून सहाशे मीटर, म्हणजे जेमतेम घाटमाथ्यापर्यंत, चढवायला कागदावर १.६ युनिट वीज लागते. पंपांची गळती-घर्षण धरलं की दोनच्या वर. घरातला एक ड्रम भरायला हे परवडेल. शेताला पाणी द्यायचं तर एकरी लाखो लिटर लागतात, तिथे हिशोब कोलमडतो.

पण तिसरी गोष्ट मला कळली तेव्हा मी आत्यावर हसणं बंद केलं. पाणी डोंगर ओलांडून जातं. फक्त उलट्या दिशेने. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचं पाणी स्वभावाने पूर्वेकडे, कऱ्हाडकडे जाणारं. कोयना धरणातून दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाच्या बाजूने खाली सोडायची मुभा आहे. ते जनित्रं फिरवतं, मग वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून समुद्राला मिळतं. मुंबईच्या सातही तलावांची मिळून क्षमता १४.४७ लाख दशलक्ष लिटर आहे. ६७.५ टीएमसी म्हणजे १९ लाखांच्या वर. आपले सगळे तलाव काठोकाठ भरून वर उरेल इतकं पाणी. मुळशीचं पाणीही असंच टाटांच्या वीजकेंद्रासाठी पश्चिमेला वळवलेलं, आणि १९२१ साली सेनापती बापटांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता तो मुख्यतः बुडणाऱ्या जमिनींसाठी. वीज गरजेची होती, मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या, माझ्या आजोबांना नोकरी त्यातूनच मिळाली. त्यामुळे मला यात कुणाला खलनायक ठरवता येत नाही. पण आत्या जेव्हा "लावून द्या की" म्हणते, तेव्हा तिच्या बाजूचं पाणी आपल्या बाजूला आधीच लावलेलं आहे, एवढं मला आता माहीत असतं.

पूर्वेच्या बाजूनेही काही काम झालं आहे. टेंभू आणि म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, जतकडे नेतात. जिहे-कठापूर योजना साताऱ्याजवळ कृष्णेतून पाणी उचलून खटाव-माणकडे, नेर आणि आंधळीच्या तलावांकडे नेते. इथे चढण आहे, पण समुद्रापासूनची नाही, आणि पाणी मुळातच पूर्वेच्या नदीतलं आहे. विजेचं बिल कोण भरणार, शेवटच्या गावाला पाणी कधी पोचणार आणि वाटेत किती उसाला जाणार, यावर भांडणं आहेतच.

गेल्या वेळी आत्याचा फोन आला तेव्हा मी तिला बोरघाट, बँकर, बंगालचा उपसागर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी आमच्या ढगाला मागनं इंजान न्हाई, आसंच ना?" मी हो म्हणालो. "बरं. आंधळीत पाणी आलंय म्हणत्यात. आमच्या वस्तीपातूर पाईप आलाय, पाणी न्हाई आजून. हत्ती निघाला की फोन करती." आणि ठेवून दिला, कारण टँकर आला होता.